सांबार बंद, पायाचे सूप चालू?

मध्यरात्री पायाचा अंगठा ठणकू लागतो. सकाळपर्यंत सांधा लालबुंद होऊन इतका सुजतो की, पांघरुणाचा स्पर्शही सोसत नाही. रक्तात यूरिक ॲसिड वाढलेले निघते, डॉक्टर 'गाऊट' असे निदान करतात आणि त्याच दिवशी घरात पहिली कुऱ्हाड पडते ती डाळीवर.

तंजावरच्या मराठी कुटुंबात ही शिक्षा फारच जड. सांबार इथल्याच भोसले राजांच्या मुदपाकखान्यात जन्मले, अशी आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो; आमटी, पिठले, सांबार आणि उडदाच्या पिठाची डांगर पचडी यांवर वाढलेल्या माणसाची डाळ बंद केली, तर ताटात उरतो तो भाताचा ढीग आणि लोणचे. गंमत म्हणजे मांसाहारी घरात त्याच रुग्णाला 'सांध्यांना बळ येईल' म्हणून बोकडाच्या पायांचे सूप प्रेमाने पाजले जाते.

दुखणे कशामुळे?

पेशींत आणि अन्नात प्युरीन नावाचे घटक असतात. ते मोडले की यूरिक ॲसिड तयार होते. मूत्रपिंडे ते बाहेर टाकतात. पण १०० मिलिलिटर रक्तात त्याचे प्रमाण ६.८ मिलिग्रॅमच्या वर राहू लागले की, सांध्यांत सुईसारखे स्फटिक साचू शकतात. यातील बराच मोठा वाटा शरीर स्वतःच तयार करते. अन्नातून येतो तो सुमारे एकतृतीयांश. म्हणूनच नुसत्या पथ्याने हा आजार सहसा पूर्ण आटोक्यात येत नाही.

आजार नवा नाही. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात वातरक्तावर स्वतंत्र अध्याय आहे. तंजावरात सरफोजी राजे दुसरे (राज्यकाळ १७९८ ते १८३२) यांच्या धन्वंतरी महालात आयुर्वेद, सिद्ध, युनानी आणि पाश्चात्त्य वैद्यकाचे जाणकार एकत्र काम करीत. औषधे पारखून घेणाऱ्या या शहराने पथ्यही पारखूनच घ्यावे.

डाळ निर्दोष

अमेरिकेत ४७ हजारांहून अधिक पुरुषांची बारा वर्षे पाहणी करून २००४ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मांस आणि मासे जास्त खाणाऱ्यांत गाऊटचा धोका वाढलेला दिसला. वाटाणे, शेंगा, पालक, फ्लॉवर, मशरूम यांतील प्युरीनमुळे मात्र तो वाढला नाही. दूध-दही घेणाऱ्यांत तर धोका कमी आढळला. म्हणजे वाटीभर सांबार गुन्हेगार नाही.

खरे वैरी वेगळे आहेत. कलेजी, गुर्दा, भेजा. मत्ती आणि नेत्तिली हे मासे, सुके मासे, कोळंबी. बिअर आणि इतर मद्य. शिवाय गोड शीतपेये. साखरेतील फ्रुक्टोजही यूरिक ॲसिड वाढवते. गूळ 'औषधी' म्हणून सुटत नाही, कारण तोही मुख्यतः साखरच. तेव्हा गुळाचे पानक जपून, आणि सणाला पुरणपोळी एकच.

स्वयंपाकात काय बदलावे?

प्युरीन पाण्यात विरघळते. म्हणून मटण किंवा हाडे तासन्‌तास उकळून केलेले सूप रुग्णाला देऊ नये. मटण करायचेच तर आधी उकळून ते पाणी टाकून द्यावे, मग मसाल्यात परतावे. आठवड्यातून एकदोनदा, दोनतीन छोटे तुकडे पुरेत. अंडे चालते.

दिवसाचे जेवण असे ठेवता येईल: सकाळी इडली, सांबार आणि बिनसाखरेची फिल्टर कॉफी. दुपारी मोजका भात, तुरीची आमटी, पडवळाची किंवा दुधीची भाजी, पातळ ताक. चार वाजता पेरू किंवा मूठभर शेंगदाणे. रात्री पोळी, पिठले, कोशिंबीर.

कावेरीकाठच्या उन्हाळ्यात घाम फार जातो, म्हणून पाणी भरपूर प्यावे. निर्जळी उपवास किंवा झटपट वजन उतरवण्याचे प्रयोग टाळावेत. त्यांनीही झटका येऊ शकतो. वजन हळूहळूच कमी करावे. मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा विकार असल्यास पाणी आणि डाळ किती घ्यायची, हे डॉक्टरांनाच विचारावे.

गोळी सोडू नये

दुखणे थांबले की गोळ्या बंद करून केवळ पथ्यावर भिस्त ठेवणे, ही सर्वांत महाग पडणारी चूक. स्फटिक गुपचूप साचत राहतात. सांधे वेडेवाकडे होतात, मुतखडा होऊ शकतो. यूरिक ॲसिड ६ मिलिग्रॅमच्या खाली ठेवणे हे उपचाराचे ध्येय असते. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही ते वाढते, म्हणून चालू औषधांची यादी डॉक्टरांना दाखवावी. मनाने काही थांबवू नये. सुजलेल्या सांध्यासोबत ताप असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा, कारण तो जंतुसंसर्गही असू शकतो.

रुग्णासाठी चुलीवर वेगळे पातेले चढवण्याची गरज नाही. साखर, मद्य आणि मटण कमी, भाज्या आणि ताक जास्त, हे जेवण घरातल्या सगळ्यांनाच मानवणारे आहे. सांबाराची वाटी त्याच्याही ताटात खुशाल वाढावी.