सही बाईंची, कारभार कोणाचा?

मार्च २०२५ मध्ये छत्तीसगडच्या कबीरधाम जिल्ह्यातील एका गावात सहा महिला पंच निवडून आल्या आणि शपथ घेतली त्यांच्या नवऱ्यांनी. बोभाटा झाला, पंचायत सचिव निलंबित झाला. महाराष्ट्राने हसावे असे यात काही नाही. आपल्याकडे प्रोसिडिंग बुक सहीसाठी सरपंचबाईंच्या स्वयंपाकघरापर्यंत जाते आणि ग्रामपंचायतीत टेबलामागे ‘सरपंचपती’ बसलेले असतात. गावही त्यांनाच सरपंच म्हणते.

७३व्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून पंचायतींत स्त्रियांना एक तृतीयांश जागा मिळाल्या. महाराष्ट्राने २०११ मध्ये हा वाटा निम्म्या जागांपर्यंत नेला. कायद्यात सरपंचपती नावाचे पद कुठेही नाही. तरी ते टिकते, कारण त्याला नवऱ्याइतकीच कचेरीही पाणी घालते. तालुक्याहून फोन येतो तो नवऱ्याच्या मोबाइलवर. ठेकेदार भेटतो नवऱ्याला. बिलात घोळ निघाला की नोटीस मात्र बाईंच्या नावे येते, कारण सही त्यांची असते. अधिकार एकाकडे आणि जबाबदारी दुसरीवर, हा सरळ अन्याय आहे. शिवाय आरक्षण फिरते. बाईंना कारभार समजू लागतो तोवर जागा खुली होते आणि तिथे बहुधा तोच नवरा अर्ज भरतो.

नवऱ्याने मदतच करू नये, असे आम्ही म्हणत नाही. जळगाव जिल्ह्यातील विटनेरला १९८९ मध्ये शेतकरी महिला आघाडीच्या बायकांनी ग्रामपंचायत ताब्यात घेतली. त्याच गावातील पुरुषांनी ‘लक्ष्मीमुक्ती’ मोहिमेत आपल्या जमिनी बायकोच्या नावे केल्या. नवऱ्याने सोबत करावी ती अशी, आपल्या हातातले सोडून. सभेच्या दिवशी त्याने घरची चूल आणि पोरे सांभाळली, तरी गावावर उपकार होतील.

केंद्राच्या समितीने २०२५ मध्ये अशा तोतया कारभाराला जरब बसेल असा दंड सुचवला. तो यावा. पण त्याची वाट पाहण्याचे कारण नाही. ग्रामसभेआधी महिलांची सभा घेणे आपल्या कायद्यात आहेच. ती कागदावर न उरकता खरोखर भरवा. गटविकास अधिकाऱ्यांनी बैठकीला आलेल्या नवऱ्याला नम्रपणे बाहेर बसवावे आणि फोन बाईंनाच लावावा. ग्रामपंचायत अधिकाऱ्याने सहीचे पुस्तक घरी नेणे आजपासून बंद करावे.