विम्याच्या पट्टीतला कडता



कडता म्हणजे काय, हे बाजार समितीत आयुष्य घालवलेल्या माणसाला शिकवावे लागत नाही. माल शंभर किलो, पैसे अठ्ठ्याण्णव किलोचे. वर हमाली, तोलाई. तोच शेतकरी आरोग्य विम्याच्या कागदावर मात्र डोळे मिटून सही करतो. कारण एजंट मोठ्या आवाजात एकच आकडा सांगतो : पाच लाख!

अनेक पॉलिसींत या पाच लाखांनाही कडता असतो. त्याची नावे दोन. 'डिडक्टिबल' म्हणजे आधी तुमच्या खिशातून जाणारी ठराविक रक्कम. ती ओलांडल्याखेरीज कंपनीचा पैसा सुरू होत नाही. 'को-पे' म्हणजे उरलेल्या मंजूर बिलातला तुमचा टक्का.

हिशेब मांडू. मंजूर बिल २ लाख. डिडक्टिबल ५० हजार. उरले दीड लाख. त्यावर २० टक्के को-पे, म्हणजे ३० हजार. कंपनी देणार १ लाख २० हजार, घरातून जाणार ८० हजार.

आणखी एक मेख आहे. को-पे बाजूला ठेवू. वर्षात ४०-४० हजारांची तीन आजारपणे आली. डिडक्टिबल दर दाव्याला असेल तर हाती शून्य. वर्षाच्या एकूण बिलावर असेल तर ७० हजार मिळतील. फरक एका ओळीचा!

कंपनी म्हणते, यामुळे हप्ता कमी होतो. खरे आहे. ज्याच्या गाठीला पैसा आहे त्याने हा सौदा खुशाल करावा. पण आमच्या हाती पैसा येतो हंगामाला, आजार येतो कोणत्याही महिन्यात. ऐन पेरणीत ५० हजार आणायचे कोठून? सावकार टाळण्यासाठी विमा घेतला आणि विम्यानेच सावकाराच्या उंबऱ्यावर नेऊन उभे केले, तर तो विमा कोणाच्या कामाचा?

आम्हाला फुकट काही नको. हप्ता मोजून घेतलेल्या मालाचे माप उघड काट्यावर व्हावे. पाच लाखांचा आकडा जेवढ्या ठळक अक्षरात, तेवढ्याच ठळक अक्षरात कडता छापा.

तोवर हक्क वापरा. १ जानेवारी २०२४ पासून पॉलिसीसोबत सोप्या भाषेतले ग्राहक माहितीपत्रक नव्या नमुन्यात देणे कंपनीवर बंधनकारक आहे. मागितल्यास ते स्थानिक भाषेत द्यावे लागते. मराठीत मागा. नवी पॉलिसी पटली नाही तर हाती आल्यापासून ३० दिवसांत परत करता येते.

पुढच्या बैठकीला पॉलिसी घेऊन या. चारचौघांत वाचू, कडता शोधू. पट्टी न वाचता सही करण्याचे दिवस संपले पाहिजेत.