फांदीवरच्या माणसाचा दर

पावसाळा जवळ आला की मुंबईतील गृहनिर्माण संस्थांना झाडांच्या छाटणीची आठवण होते. महापालिकेची परवानगी हाती येईतो बहुधा मे उजाडतो. छाटणीचा छोटा ठेकेदार चार-पाच मजूर, दोर, करवती व भाड्याचा टेम्पो यांवर धंदा चालवतो. टेम्पोचे भाडे व फांद्या वाहून नेण्याचा खर्च टळत नाही. संस्था मात्र सर्वांत कमी दर पत्करते. मग काटकसर कशात व्हावयाची? कमरपट्ट्यात, शिरस्त्राणात आणि विम्यात. मजूर पडला की ठेकेदाराला दोष देऊन सारे मोकळे होतात. वस्तुतः स्वस्त दराचा लाभ घेणाराही त्या अपघातात भागीदार असतो. सुरक्षासाधने व विमा यांची रक्कम दरपत्रकात स्वतंत्र दाखवावी आणि तिच्यावर घासाघीस करू नये, असा ठराव कार्यकर्त्यांनी आपापल्या संस्थेत मांडावा, तोही पावसाळ्यापूर्वीच.