फुकटची हवा आणि विकतची हवा

"साहेब, साधी भरू की नायट्रोजन?" हा पेट्रोलपंपावरचा प्रश्न सहकुटुंब गावी निघालेल्या गृहस्थाला हटकून पेचात टाकतो. साधी हवा फुकट, नायट्रोजनला पैसे. मागे मुलेबाळे बसलेली. चार पैशांसाठी त्यांच्या जिवाशी तर खेळत नाही ना, असे त्याला वाटू लागते. माझे मत विचाराल, तर त्याने खुशाल फुकटची हवा भरावी.

नायट्रोजन म्हणजे आपला शाळेतला नत्रवायू. साध्या हवेतही तो शेकडा ७८ असतो. म्हणजे रुपयात साडेबारा आणे माल तोच! विकतचा वायू कोरडा असतो आणि प्राणवायूपेक्षा रबरातून सावकाश पाझरतो, हे खरे. पण किती सावकाश? अमेरिकेतल्या 'कन्झ्युमर रिपोर्ट्‌स' मासिकाने ३१ जातींचे टायर दोन्ही प्रकारे ३० पौंडांपर्यंत भरून वर्षभर ठेवले आणि २००७ साली निकाल छापला. हवेचे टायर सरासरी ३.५ पौंड उतरले, नत्रवायूचे २.२. वर्षाकाठी फरक सव्वा पौंडाचा!

नत्रवायू उन्हाने फुगत नाही, हीही समजूतच. टायर दहा अंशांनी तापला की दोन्हींचा दाब सुमारे दीड पौंडाने चढतो.

विमानांची गोष्ट वेगळी. १९८६ साली मेक्सिकोत ब्रेक अतोनात तापून एका विमानाचा टायर फुटला आणि १६७ माणसे दगावली. त्या टायरात साधी हवा होती. तेवढ्या उष्णतेत रबरातून निघणाऱ्या वाफा प्राणवायूच्या संगतीने पेट घेतात. म्हणून मोठ्या विमानांना नत्रवायूच लागतो. आपली मोटार काही आकाशातून उतरत नाही.

मला भीती वाटते ती निराळीच. "नायट्रोजन आहे, बघायला नको" म्हणून माणूस निर्धास्त होतो. कमी हवेचा टायर पळताना सारखा दबतो, तापतो, आणि समृद्धी महामार्गासारख्या लांबलचक रस्त्यावर भर वेगात फुटू शकतो. तेव्हा आत कोणता वायू होता, याला काय महत्त्व?

म्हणून महिन्यातून एकदा आणि प्रवासाआधी, सकाळी टायर थंड असताना दाब मोजून घ्या. किती पौंड हवेत, तो आकडा बहुधा चालकाच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेला असतो. स्टेपनी विसरू नका. नायट्रोजन भरलेला असून कमी झाला, तर वर साधी हवा बेलाशक भरा. दोघांचे भांडण होत नाही. घरच्या हवेत ते जन्मभर एकत्रच नांदतात.