टोपलीतला पेशंट

टेंभी नाक्यावरच्या आमच्या दोन खोल्यांत पाचवे माणूस आले ते गेल्या पावसाळ्यात, आणि तेही गटारातून. जांभळी नाक्याच्या बाजारातून येताना आमच्या कन्येने भाजीच्या पिशवीत मांजराचे भिजलेले पिल्लू घालून आणले. आम्ही नुकतेच कचेरीतून आलेलो. म्हणालो, "उद्या सकाळी जिथले तिथे सोडून ये." सकाळी पाहतो तो पिल्लू आमच्याच चपलेवर झोपलेले. विषय तिथेच संपला. नाव पडले सोनी.

पाचव्या दिवशी सोनीने खाणे टाकले. आधी पिवळे पाणी ओकली, मग जुलाब. पाण्याच्या वाटीजवळ मान टाकून बसायची, पण जीभ लावायची नाही. शेजारच्या मावशी म्हणाल्या, "अंग तापलंय, पॅरासिटामॉलचा तुकडा द्या." आम्ही गोळी मोडलीही होती. मुलाने हात धरला. "पप्पा, डॉक्टरला विचारल्याशिवाय नको."

टोपलीत जुना टॉवेल घातला आणि लोकलने परळ गाठले. बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय म्हटले तर कुणी ओळखणार नाही, पण 'बैलघोडा हॉस्पिटल' म्हटले की गिरणगावातला म्हाताराही रस्ता दाखवतो. गोळीचे ऐकून डॉक्टर चमकले. पॅरासिटामॉल मांजराला विष आहे, एका गोळीनेही जीव जातो. मुलाने हात धरला नसता तर सोनीला आम्हीच मारले असते.

रक्त तपासले. पांढऱ्या पेशी पार खाली गेलेल्या. आजाराचे नाव पॅनल्युकोपेनिया, कुत्र्यांच्या पार्वोचा भाऊबंद. हा विषाणू आतडी आणि हाडांतली मज्जा पोखरतो. त्याला थेट मारणारे खात्रीचे औषध नाही. सलाईन, उलटी थांबवणारे औषध, दुसरा जंतू शिरू नये म्हणून अँटिबायोटिक आणि ऊब द्यायची, म्हणजे शरीराला लढायला वेळ मिळतो. लहान पिल्ले यात फार दगावतात. माणसाला मात्र हा रोग होत नाही.

पुढचे सलाईन घराजवळच्या डॉक्टरांकडे. रोज सकाळी आमच्या सौ. टोपली घेऊन निघायच्या. रात्री कन्या गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून सोनीजवळ ठेवायची. चौथ्या दिवशी हिशेब केला, ३,४०० रुपये झाले होते. विजेच्या बिलाचे पैसे त्यात गेले.

त्याच संध्याकाळी चाळीतले एक काका दारातच म्हणाले, "भाऊ, वर्गणीसाठी आमची दारं वाजवता, आणि मांजरावर पैसे उधळता? तिकडे माणसं दवाखान्याच्या रांगेत मरतात." वर्गणीच्या पैशाला आम्ही हात लावला नव्हता, पण बोलणे खोटे नव्हते. रात्री झोप लागली नाही. आम्ही बी.कॉम. झालेले, खर्चाची बाजू आधी दिसते. मग वाटले, रांगेतल्या माणसांचे अर्ज आम्ही काल लिहिले, उद्याही लिहू. सोनीला मरू दिले असते तर रांगेतला एकही माणूस पुढे सरकला नसता. आणि जी मुलगी चार रात्री एका मुक्या जिवासाठी जागली, ती उद्या आजारी शेजाऱ्याला पाठ दाखवणार नाही, एवढा भरवसा आम्हाला वाटला.

सहाव्या रात्री सोनीने कन्येच्या बोटावरचे चिकनचे पाणी चाटले. दुसऱ्या दिवशी वाटीतले चाटले. आमच्या घरात पगारवाढ झाल्यासारखा आनंद झाला.

आता कामाचे ऐका. या रोगाची लस आहे. पिल्लू सहा ते आठ आठवड्यांचे झाले की पहिला डोस, मग सोळा आठवड्यांचे होईपर्यंत तीन-चार आठवड्यांनी पुढचे. विषाणू घरात वर्षभरही टिकतो, म्हणून लस न दिलेले दुसरे पिल्लू लगेच आणू नका. फरशी आधी धुवून एक भाग ब्लीच आणि ३२ भाग पाणी यांनी पुसा, दहा मिनिटे ओली राहू द्या, आणि वाळेपर्यंत मांजराला दूर ठेवा. फिनेल वापरू नका, ते मांजराला बाधते.

परवा तेच काका जिन्यात भेटले. आम्ही मान खाली घालून निघालो, तर मागून आवाज आला, "भाऊ, ती तुमची सोनी जेवते का आता?"

जेवते, काका. आणि आमच्या चपलेवरच झोपते.