बिदागीचाही एक तास हवा

एप्रिल उजाडला की बंगळुरूत मारतहळ्ळीच्या पुलाखाली, कलामंदिर स्टॉपजवळच्या खांबांवर आणि सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर उन्हाळी शिबिरांच्या जाहिराती झळकू लागतात. गिटार, कीबोर्ड, ड्रम्स, कर्नाटक गायन यांच्या जोडीला आता ‘म्युझिक प्रॉडक्शन’ही आलं आहे. लॅपटॉपवर ट्रॅक कसा बांधायचा, आवाज कसा रेकॉर्ड करायचा, मिक्सिंग म्हणजे काय, हे चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांना शिकवतात. ही फार चांगली गोष्ट आहे. तरी या शिबिरांची पत्रकं वाचताना मी एक तास शोधत राहते आणि तो सापडत नाही. तयार झालेलं गाणं कुणाचं? त्याचे पैसे आले तर ते कुणाला, किती मिळणार? कागदावर सही कोण करणार? संगीताच्या धंद्याचं शिक्षण द्यायचं असेल, तर हा तास पहिल्या आठवड्यातच हवा.

गेल्या मे महिन्यात आमच्या भागातल्या एका शिबिराचा शेवटचा दिवस मी पाहिला. चार मुलांनी मिळून एक गाणं केलं होतं आणि ते स्ट्रीमिंगवर चढवायचं होतं. स्क्रीनवर फॉर्म उघडला: कलाकार, गीतकार, संगीतकार, निर्माता. शब्द एका मुलीने वहीत लिहिले होते, चालही बरीचशी तिचीच. कॉर्ड दुसऱ्याने बसवले होते आणि ड्रमचा तुकडा इंटरनेटवरून उतरवलेला होता. ज्याचा लॅपटॉप होता त्याने भराभर सगळ्या रकान्यांत स्वतःचं नाव टाकलं. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं, त्याला फक्त घाई होती. मुलगी हळूच म्हणाली, “शब्द माझे आहेत ना?” शिकवणारे सर म्हणाले, “अगं, आत्ता चढवूया, नाव नंतर बघू.”

या ‘नंतर बघू’पायी आपल्याकडच्या किती गीतकार-संगीतकारांनी आयुष्यभराची कमाई गमावली! चित्रपटाच्या करारावर एकदा सही केली की पुढे ते गाणं रेडिओवर वाजो, टीव्हीवर वाजो, नाहीतर कुणाच्या लग्नात, लिहिणाऱ्याला पुन्हा दमडी मिळत नसे. ‘आयपीआरएस’ ही गीतकार-संगीतकारांची संस्था १९६९ पासून होती, पण कायद्याचं पुरेसं पाठबळ मिळायला २०१२ साल उजाडलं. त्या वर्षी कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली. चित्रपटगृहाबाहेर गाणं वापरलं गेलं, तर त्याच्या मानधनातला गीतकाराचा आणि संगीतकाराचा समान वाटा निर्मात्याला करारात लिहून घेता येणार नाही, असं ठरलं. जावेद अख्तर तेव्हा राज्यसभेत होते आणि त्यांनी ही लढाई नेटाने लढवली. पंधरा वर्षांच्या मुलाला ही गोष्ट नीट समजते. ती त्याला कुणी सांगत नाही, एवढंच.

आणखी एक गोष्ट पालकांनीही ऐकायला हवी. आपल्या १८७२ च्या करार कायद्यानुसार अल्पवयीन व्यक्ती करार करायला पात्र नसते. असा करार मुळातच रद्दबातल ठरतो, हे प्रिव्ही कौन्सिलने १९०३ साली एका प्रसिद्ध खटल्यात स्पष्ट केलं. असं असताना सोळा वर्षांचा मुलगा एखाद्या वितरकाच्या बारा पानी अटींखाली ‘मान्य’ दाबतो, तेव्हा नेमकं काय होतं? त्या तासाला आई-बाबांनी मुलाशेजारी बसून अटी वाचायला हव्यात. आयटीतल्या नोकरीचं ऑफर लेटर चार-चारदा वाचणारे आपण, मुलाच्या पहिल्या गाण्याचा कागद मात्र न वाचता सोडून देतो.

यावर एक आक्षेप हमखास येतो, आणि तो प्रेमापोटीच येतो: या वयात साधना करावी, पैशाचं काय घेऊन बसलात? रियाजाला पर्याय नाही, हे मलाही मान्य आहे. पण आपल्या परंपरेत व्यवहार मुलांपासून लपवलेला कधी नव्हता. नारायणगावला गुढीपाडव्याच्या सुमारास तमाशा फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे लोक यात्रेची सुपारी द्यायला येतात. फडावर वाढणाऱ्या पोराच्या कानावर ढोलकीबरोबरच सुपारी किती, उचल किती, गाडीभाडं कुणाचं, हेही पडतं. म्हणजे उन्हाळ्यातलं हे शिक्षण आपल्याकडे जुनंच आहे. मात्र नुसतं कानावर पडणं पुरत नाही. विठाबाई नारायणगावकरांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला, अवघा महाराष्ट्र त्यांच्यावर लुब्ध होता, तरी २००२ साली त्या गेल्या तोवरची त्यांची शेवटची वर्षं हलाखीत गेली. बालगंधर्वांच्या कंपनीवरचा कर्जाचा डोंगर तर आपल्याला शाळेपासून ठाऊक आहे. त्यांच्या गळ्याबद्दल आपण शंभर वर्षं बोलतो आहोत, हिशेबाच्या वहीबद्दल मात्र हळहळून गप्प होतो. ती वही मुलांसमोर उघडावी, असं मला अगदी मनापासून वाटतं.

दुसरी उणीव रंगमंचामागची. शिबिरात मुलं गायला, वाजवायला शिकतात, पण माइक शिट्टी मारायला लागला की सगळी एकमेकांकडे बघतात. आमच्या सोसायटीच्या गणपतीला साउंड लावणारे एक अण्णा येतात. त्यांच्या हाताखालच्या मुलाला केबल गुंडाळताना बघावं: एक वेढा सरळ, पुढचा उलटा, त्यामुळे पीळ पडत नाही आणि पुढच्या कार्यक्रमाला केबल एका झटक्यात उलगडते. मॉनिटरकडे माइकचं तोंड गेलं की शिट्टी येणार, मग आधी माइक फिरवायचा, नंतर गेनला हात लावायचा, हे त्याला कुणी पुस्तकातून शिकवलेलं नाही. अशा अण्णांना मानधन देऊन दोन दिवस शिकवायला बोलवा. त्या दोन दिवसांत कानांबद्दलही सांगा. ८५ डेसिबलचा आवाज आठ तास सोसता येतो असं धरलं, तर ८८ ला ती मुदत चार तासांवर येते, ९१ ला दोन. ड्रमशेजारी उभ्या राहणाऱ्या मुलाला हे कळायलाच हवं.

परवान्यांचंही तसंच. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक नाही, एवढं सगळ्यांना ठाऊक असतं. पण २०१८ मध्ये परवान्याच्या नियमांवर बोट ठेवून पोलिसांनी इंदिरानगर-कोरमंगलातल्या पबमधलं थेट संगीत बंद केलं, तेव्हा या शहरातल्या कितीतरी वादकांच्या हातचं काम गेलं. त्यांना वाजवता येत नव्हतं असं थोडंच होतं?

राहिला फीचा प्रश्न, आणि तो मला सगळ्यांत जास्त टोचतो. लंडनच्या क्रॉयडन भागातलं ब्रिट स्कूल १९९१ पासून चौदा ते एकोणीस वर्षांच्या मुलांना संगीत आणि त्यामागची तांत्रिक कामं शिकवतं, तेही विनाशुल्क. ॲडेल तिथलीच. आपल्याकडे या शिबिरांची फी भरणारी मुलं रिंग रोडवरच्या टॉवरमधली असतात. त्याच शिबिराचे स्पीकर टेम्पोतून उतरवणारा मुलगा त्यांच्याच वयाचा असतो आणि तो दाराबाहेर उभा राहतो. मुन्नेकोळालच्या सरकारी शाळेतल्या पाच-सहा मुलांना प्रत्येक शिबिराने फीशिवाय घेतलं, तर आयोजकांचं काही बुडणार नाही. क्लबहाउस मे महिन्यात दुपारी रिकामंच असतं. मिक्सर आणि दोन माइक बहुतेक सोसायट्यांकडे आहेत. श्रेयाचा आणि वाट्याचा एक पानी कागद मुलांना मराठी, कन्नड, इंग्रजी अशा तिन्ही भाषांत करून द्यायला मी तयार आहे, एखादा वकील मित्र तो तपासूनही देईल. क्लबहाउसच्या उन्हाळी तारखा मात्र सोसायटीची समिती मार्चच्या बैठकीतच वाटून टाकते, तेव्हा अर्ज त्याआधी जायला हवा.