भोंगा वाजायचा तर सगळ्यांसाठी वाजावा

सध्या गावात चार आईबाप एकत्र आले, की पाऊसपाणी आणि बाजारभाव झाल्यावर तिसरा विषय हमखास निघतो, तो पोरांच्या मोबाइलचा. पोरगं जेवताना मान वर करत नाही, रात्री पांघरुणात फोन चालू असतो, दहावीचं वर्ष आणि बोट सारखं रीलवर. मग कुणीतरी म्हणतं, 'सरकारनं बंदीच घातली पाहिजे.' सगळ्यांच्या माना हलतात. पण बंदी कुणावर घालायची, ती पाळून घ्यायची कुणी आणि तिचा मार कुणाला बसणार, हे आधी बघायला हवं.

मुळात फोन घरात आणला कुणी? मार्च 2020 मध्ये करोनामुळे शाळा बंद झाल्या आणि अभ्यास फोनवर आला. ज्याच्याजवळ पैसे नव्हते त्यानं उसनवारी करून, दावणीचं जनावर विकून फोन घेतला. पुढे शाळा उघडल्या, तरी शाळेचे निरोप आणि गृहपाठ व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर येतच राहिले. आज बांधावर उभं राहून बापाच्या नावची ई-पीक पाहणी कोण करतं? महाडीबीटीचा अर्ज कोण भरतं? तेच नववी-दहावीतलं पोरगं. आपल्या कामाला फोन लागला की पोरगं हुशार आणि त्यानं स्वतःसाठी उघडला की बिघडलेलं, हा हिशोब काही बरोबर नाही.

तरीही काळजी खोटी नाही. 'असर'च्या 2024 च्या पाहणीत देशाच्या ग्रामीण भागातील 14 ते 16 वर्षांच्या मुलांना विचारणा झाली. ज्यांना स्मार्टफोन वापरता येतो, त्यांपैकी 57 टक्के मुलांनी आदल्या आठवड्यात तो अभ्यासाशी संबंधित कामासाठी वापरला होता. समाजमाध्यमांसाठी वापरणारे 76 टक्के होते. कोयता हातात घेऊन रील टाकली म्हणून पोलिसांनी पोरं उचलल्याच्या बातम्या तुम्ही वाचल्याच आहेत. फोटोत फेरफार करून पोरीबाळींना धमकावण्याचे प्रकारही आता फक्त शहरात राहिलेले नाहीत.

आणि हे फक्त पोराच्या मनाच्या दुबळेपणानं होत नाही. एक व्हिडिओ संपतो न संपतो तोच दुसरा आपोआप सुरू होतो. पान कितीही सरकवा, तळ लागत नाही. पोरगं कशापाशी थांबलं याची नोंद होते आणि त्याच जातीचा माल पुन्हा पुढ्यात येतो. जितका वेळ डोळे पडद्यावर, तितक्या जाहिराती आणि तितकी कंपनीची कमाई. वयाची अट म्हणाल, तर बहुतेक कंपन्यांची स्वतःचीच 13 वर्षांची आहे. पण जन्मसाल खोटं टाकलं की दार उघडतं. दारूच्या दुकानदारानं पोराला 'तुझं वय किती' एवढंच विचारून बाटली दिली, तर आपण दोष कुणाला देऊ?

ऑस्ट्रेलियानं नेमका हाच प्रश्न विचारला. त्यांच्या संसदेनं नोव्हेंबर 2024 मध्ये कायदा केला आणि 10 डिसेंबर 2025 पासून तो लागू झाला. 16 वर्षांखालील मुलांना खातं ठेवता येणार नाही. पण यात ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी, की खातं सापडलं तर शिक्षा मुलाला नाही, आईबापालाही नाही. दंड कंपनीला, आणि तोही 4 कोटी 95 लाख ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत. आपल्याकडेही काही राज्यांत तशा कायद्याची भाषा सुरू झाली आहे. कायदा करायचा तर हा मुद्दा सोडून नुसती बंदी उचलू नये.

कारण नुसत्या बंदीचा अनुभव आपल्या गाठीशी आहे. जून 2020 मध्ये केंद्र सरकारनं टिकटॉक बंद केलं. कारण वेगळं होतं, देशाच्या सुरक्षेचं. पण पोरांनी काय केलं? पुढच्याच महिन्यात इन्स्टाग्रामची रील आली आणि पोरं तिकडं गेली. एक बांध घातला, पाणी दुसऱ्या चारीनं निघालं.

आपला 2023 चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदाही आहे. 18 वर्षांखालील मुलाची माहिती वापरण्याआधी पालकाची खातरजमा केलेली संमती घ्यावी, मुलांवर पाळत ठेवू नये, त्यांना हेरून जाहिराती दाखवू नयेत, असं त्यात म्हटलं आहे. त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये निघाले आणि या तरतुदींसाठी 18 महिन्यांची मुदत ठेवली गेली. कागदावर हे चांगलंच आहे. पण खेड्यात बापाची संमती म्हणजे काय? बापाच्या फोनवर ओटीपी येणार आणि तो वाचणार पोरगंच! म्हणून संमतीची जबाबदारी आईबापाच्या गळ्यात टाकून सरकारला मोकळं होता येणार नाही. न थांबणारे व्हिडिओ मुलांसाठी बंद करा, रात्रीच्या सूचना बंद करा, हे कंपनीलाच बजावलं पाहिजे.

आता घरात या. आपल्याकडे बंदी आली, की ती आधी मुलीवर येते. 'असर'च्या त्याच पाहणीत, फोन वापरता येणाऱ्या मुलग्यांपैकी 36.2 टक्के जणांकडे स्वतःचा फोन होता. मुलींत हे प्रमाण 26.9 टक्के. भावानं रील टाकली तर 'वय आहे' म्हणायचं आणि बहिणीला कुणी मेसेज केला तर तिचा फोन काढून घ्यायचा, हे आपल्याच घरात चालतं. आज फोन गेला, उद्या क्लास जातो, परवा स्थळं येऊ लागतात. म्हणून धमकी आली तरी पोरगी घरात तोंड उघडत नाही. बंदीच्या धाकानं मुलगी गप्प बसली, तर धमकावणाऱ्याचंच फावतं.

यवतमाळ जिल्ह्यात पुसद तालुक्यातल्या बान्सी ग्रामपंचायतीनं नोव्हेंबर 2022 मध्ये 18 वर्षांखालील मुलांना मोबाइलबंदीचा ठराव केला. त्यामागची तळमळ खरीच आहे. पण त्याच वर्षी सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावानं वेगळी वाट धरली. रोज संध्याकाळी सातला भोंगा वाजतो, की घराघरातला टीव्ही आणि मोबाइल दीड तास बंद. आधी महिलांची सभा झाली. मग आशाताई, अंगणवाडी सेविका, निवृत्त शिक्षक घरोघर फिरले. दोन्हींतला फरक बघा. एका ठिकाणी फक्त पोरांना नियम, दुसऱ्या ठिकाणी मालिका बघणाऱ्या आईला आणि व्हॉट्सअ‍ॅपवर राजकारण करणाऱ्या बापालाही तोच. पोरं सांगितलेलं ऐकत नाहीत, बघितलेलं करतात.

तेव्हा आमचं मत स्पष्ट आहे. बंधन हवंच, पण सरकारचं बंधन कंपनीवर हवं आणि घरातलं बंधन घरातल्या सगळ्यांवर. रात्री सगळ्यांचे फोन एका ठिकाणी, बापाचासुद्धा. मुलाला आणि मुलीला एकच नियम. आणि पोराला एक शब्द द्या, 'काही वाईट घडलं तर आधी आम्हाला सांग, फोन काढून घेणार नाही.' मुलांच्या मदतीसाठी 1098 आणि फोनवरून पैशाची फसवणूक झाल्यास 1930, हे दोन आकडे भिंतीवर लिहून ठेवा.

येत्या ग्रामसभेत रस्ता, गटार, पाणी हे विषय निघतीलच. त्यात हाही घ्या. आणि ठराव मांडायला उभा राहणारा माणूस स्वतःचा फोन खिशात बंद करून उभा राहील, एवढं बघा.